अळीव, शतावरी आणि दुपारची सुट्टी

आमच्या धारवाडात बाळंतिणीचं घर वासावरूनच ओळखू यायचं. तुपात फुलणारा डिंक, भाजलेली खसखस, ओवा-शेपाची धुरी. शेजारच्या कन्नड घरातही हेच. फक्त आपल्या डिंकाच्या लाडवाला ते अंटिन उंडी म्हणायचे, शेपूला सब्बसगी.

१९७७ साली माझं पहिलं बाळंतपण मालमड्डीत आईकडे झालं. सकाळी गूळ घातलेली अळिवाची खीर, दुपारी मऊ भात आणि मेथी नाहीतर शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा, रात्री दुधातून शतावरी कल्प. दूध भरपूर होतं. सगळे म्हणाले, अळिवाचा गुण.

खरी परीक्षा पुढे होती. १९६१ च्या कायद्याप्रमाणे बाळंतपणाची रजा १२ आठवडे. ती संपली आणि मी हुबळीच्या शाखेत हजर झाले. सकाळची बस धरायची, घरी यायला संध्याकाळचे सात. दिवसभर बाळाला बाटली. पंधरा दिवसांत माझं दूध आटायला लागलं. आईनं खीर दुप्पट केली, शतावरी दोन वेळा दिली. उपयोग शून्य. बाळाचं वजन वाढेना. ओळखीच्या एक बाई तोंडावर म्हणाल्या, "नोकरी करणाऱ्यांना कुठलं दूध येतंय!" ते वाक्य अजून टोचतं.

हुबळीत देशपांडे नगरात माझी मावशी राहायची. ती म्हणाली, "अगं, लेकराला इकडं आण की. त्यानं ओढल्याशिवाय दूध कसं यायचं? नुसती खीर खाऊन काय होतंय?" मग आई रोज बाळाला घेऊन माझ्याबरोबर हुबळीला येऊ लागली. कामावर जाण्याआधी एकदा, दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन एकदा, सुटल्यावर पुन्हा. रात्री तर मागेल तेव्हा. आठ-दहा दिवसांत दूध परत आलं. अळीव तेच, शतावरी तीच.

मी कॉमर्सवाली. बँकेत पैसे काढले की शिल्लक कमी होते. इथला हिशेब उलटा. जितकं काढाल तितकं जमा होतं, आणि पडून राहिलं की शरीर बनवणंच कमी करतं. डॉक्टरही आज हेच सांगतात.

बंगळूरची माझी भाचेसून हल्लीच बाळंत झाली. फोनवर म्हणाली, "मावशी, तीन प्रकारच्या पावडरी मागवल्यात, कुठली आधी घेऊ?" मी म्हटलं, आधी बाळ दिवसाला किती लंगोट भिजवतंय ते सांग. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त भिजत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. नसेल, तर पावडरीच्या आधी डॉक्टर गाठ. बाळ नीट ओढतंय का, तुला थायरॉइड आहे का, हे त्यांना बघू दे. मेथीची पावडर तर विचारल्याशिवाय नकोच. जास्त झाली तर पोट बिघडतं, रक्तातली साखरही उतरू शकते.

अळिवाची खीर मात्र तिला पाठवलीच. त्यात लोह आहे, गूळ आहे. शिवाय ती खाताना बाळंतीण दहा मिनिटं बसते आणि तेवढा वेळ बाळाला दुसरं कुणीतरी घेतं.

२०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली, फार बरं झालं. तरी तुमच्या घरात कुणी बाळंतीण असेल, तर डबा नुसता पाठवू नका. डब्याबरोबर स्वतः जा, तिची धुणीभांडी बघा, आणि तिला बाळाजवळ निवांत बसू द्या.