स्ट्रॉबेरी : बपेऱ्याची हिवाळी पाहुणी

बपेरा हें भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील, मध्यप्रदेशाच्या सीमेलगतचें गांव. हा सारा मुलूख भाताचा व तळ्यांचा. अशा ठिकाणीं स्ट्रॉबेरी लावण्याची गोष्ट काढली, तर 'तें महाबळेश्वरचें फळ, आपल्या उन्हांत कसें टिकणार?' असें सुज्ञ वाचक विचारतील, आणि तें रास्तच आहे.

महाबळेश्वर सुमारें १,३७० मीटर उंचीवर. तेथें माती तांबडी, निचऱ्याची, हवा थंड. तेथील स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु महाबळेश्वर तरी तिचें माहेर कोठें? आजची स्ट्रॉबेरी अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें, अमेरिकेंतील दोन जातींच्या संकरांतून जन्मली. त्यांतील चिलीची जात फ्रेझिए नामक फ्रेंच अधिकाऱ्यानें १७१४ सालीं तिकडे नेली. जेथें गेली तेथें ती पाहुणीच.

आमच्याकडे तिला दिवाळीनंतर, हवेंतील दमटपणा ओसरल्यावर आणावी. बुडाशीं भोक असलेल्या, वीतभर खोल कुंडींत माती, वाळू व कुजलेलें शेणखत समभाग घालावें. रोपाचा गाभा मातीच्या वर राहावा. तो गाडला गेल्यास कुजतो. पाणी सकाळीं, मुळाशींच द्यावें. फळ मातीस टेकूं नये म्हणून महाबळेश्वरचे शेतकरी प्लॅस्टिकचा कागद अंथरतात; आमच्या भातमुलखांत धानाची तणीस दारींच असते. रोप जमिनीसरशीं लांब धावते फुटवे सोडतें, ते खुडून टाकावे, म्हणजे जोर फळांत उतरतो.

मुलांस एक मौज अवश्य दाखवावी. फळावरील ज्या बारीक दाण्यांस आपण बिया म्हणतों, तींच शास्त्रदृष्ट्या खरीं फळें होत. आपण खातों तें फुलाचें फुगलेलें आसन!

हा खटाटोप कशासाठीं? आंबा अढींत पिकतो, केळें घरीं पिकतें; स्ट्रॉबेरी मात्र खुडल्यावर अधिक गोड होत नाहीं. दूरच्या बाजारासाठीं ती पुरती पिकण्यापूर्वींच खुडावी लागते. देठापर्यंत लाल झालेली, त्याच क्षणीं खुडलेली स्ट्रॉबेरी घरच्या कुंडीवांचून आम्हांस मिळणार नाहीं.

उन्हाळ्यांत मात्र मोह आवरावा. वैशाखांत येथील पारा पंचेचाळीस अंशांस भिडतो. त्या दिवसांत घरच्या स्त्रियांनीं कष्टानें भरलेलें पाणी चार रोपें जगविण्यासाठीं ओतणें मला न्याय्य वाटत नाहीं. चैत्र सरतां रोपें खताच्या खड्ड्यांत टाकावीं, आणि दिवाळीनंतर नवीं आणावीं.