एक हजार सहासष्ट

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या धाकट्या बंधूंचे साचे बनविण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. तेथील २०१८ साली घेतलेला संगणक मोठी त्रिमितीय ड्रॉइंग्ज उघडताना धापा टाकू लागला, तेव्हा ८ जीबीची आणखी एक रॅम बसवावी, हा सल्ला आम्हीच दिला. आणून बसविलीही आम्हीच. संगणकातले आपल्याला कळते, हा समज घरात आम्हीच पसरवून ठेवला आहे.

जुनी रॅम २६६६ची, नवीच्या वेष्टनावर ३२००. फाइली आता पटकन उघडत. पण ड्रॉइंग फिरवू लागले की चित्र पूर्वीपेक्षा अधिकच अडखळे. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये पाहिले, तर वेग १०६६! बत्तीसशेचे पैसे मोजून तिसरा हिस्सा पदरात पडला, या संतापात आम्ही शहरातले ते दुकान गाठले आणि काउंटरवरच्या विशीतल्या मुलाला चार गिऱ्हाइकांदेखत नको ते बोललो. 'बनावट' हा शब्दही वापरला. तो एवढेच म्हणाला, "काका, त्याला दोननं गुणायचं असतं." आम्हाला तो उद्धटपणा वाटला.

मुलगा खरे बोलत होता. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठविते. वेष्टनावर दुप्पट आकडा छापतात आणि तो प्रोग्रॅम मूळ ठोके दाखवितो. म्हणजे वेग २१३३. परंतु जुनी एकटी २६६६ने धावत असताना नवी सोबतीण आल्यावर दोघी मंदावल्या कशा? नव्या रॅमवरचे ३२०० हे एक्सएमपी नावाची सोय बायोसमध्ये चालू केली तरच मिळणारे. एरवी तिची नोंद २१३३ची. बोर्ड दोघींना झेपेल तोच वेग धरतो. शिवाय या संगणकातील आय५-८४०० प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच २६६६. बत्तीसशेचा मोह मुळातच फोल होता.

खरी चूक मात्र याहून साधी होती. बोर्डावर चार स्लॉट; आम्ही नवी रॅम जुनीच्या लगत, हाताला आला त्या स्लॉटमध्ये बसविली. दोघी एकाच चॅनेलवर आल्या. एक चॅनेल ६४ बिटांचा: २६६६ने सेकंदाला सुमारे २१ जीबी वाहून नेणारा, २१३३ने जेमतेम १७. या संगणकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून ये-जा करते. चित्र अडखळेल नाही तर काय!

रविवारी, वर्कशॉप बंद असताना, संगणक उघडला. आत तेलकट काळी धूळ. लोखंड कापणाऱ्या गावात दुसरे काय मिळणार? रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून एक दुसऱ्या स्लॉटमध्ये, एक चौथ्यात बसविली. तेवढ्यानेच १७चे ३४ झाले. मग बायोसमध्ये वेग हाताने २६६६ ठरविला: ४२. रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवली. सकाळी एकही चूक नव्हती. पोलादी साच्याचे ड्रॉइंग कसे भिंगरीसारखे फिरले!

बंधू खूश झाले. आम्ही दोन दिवस दुकानाचा रस्ता टाळला. बुधवारी गेलो, तेव्हाही काउंटरवर चार गिऱ्हाइके होती, बरेच झाले. त्यांच्यासमोरच "चूक आमची होती" म्हणालो. मुलगा ओशाळला, केबलींचा गुंता आवरू लागला आणि मान वर न करता त्याने विचारले, "दोन आणि चार नंबरलाच लावलीय ना, काका?"