संगतीचा सूर

मनुष्याचा आवाज हा त्याचा एकट्याचा असतो काय? प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु गुरुकुंज मोझरी येथें सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ऐकल्यापासून आम्हांस त्याचें उत्तर इतकें सोपें वाटेनासें झालें आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं हा आश्रम १९३५ सालीं स्थापन केला. त्यांचा जन्म १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें झाला. मूळचें नांव माणिक. बालपणीं वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासांत त्यांस भजनाचा छंद जडला. ‘तुकड्या’ हें नांवही गुरूंनींच दिलें, आणि पुढें तेंच त्यांच्या भजनांची मुद्रा बनलें. म्हणजे कवीची सही देखील संगतीचें देणें होय!

खंजिरीचेंही तसेंच. एका बाजूस कातडें मढविलेलें लहानसें लाकडी कडें, व कडेच्या खाचांत धातूच्या चकत्या. एका हातानें धरावें, दुसऱ्यानें वाजवावें. गाणाराच वाजविणारा असल्यामुळें शब्द ठेक्यावर बसवूनच उच्चारावा लागतो. लांबण लावण्यास तेथें वाव नाहीं. आमचे विद्यार्थी ज्या रॅप गायनावर लुब्ध असतात, त्यांतही शब्द ठेक्यावर बसविणें हीच खरी कसोटी नव्हे काय?

आतां पुढील कार्य पाहा. १९३६ सालीं महाराज सेवाग्राम येथें गांधीजींच्या सहवासांत राहिले. १९४२ च्या आंदोलनांत त्यांस कारावास घडला. १९५५ सालीं ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. देवळापुढील भजन आतां गांवाची स्वच्छता, व्यसनमुक्ति, शिक्षण यांविषयीं बोलूं लागलें. विषय पालटला, पण बोलण्याची ठेवण तीच राहिली: थेट, ठसठशीत, चारचौघांनीं मिळून म्हणतां येईल अशी. पुस्तकासाठींही त्यांनीं ओवीच निवडली. कारण ती गांवाच्या तोंडीं आधींच बसलेली होती. पुढें वऱ्हाडांतीलच सत्यपाल महाराजांनीं एकदम सात खंजिऱ्या वाजवून समाजप्रबोधन चालविलें. अशा रीतीनें एका संगतीचा नाद पिढ्या ओलांडतो.

हें सांगण्यास कारण घडलें. आमच्या वर्गांतील एका मुलाचे वडील म्हणाले, “गुरुजी, हा रोज म्हाताऱ्यांबरोबर भजनांत बसतो, ह्याचा अभ्यास बुडेल.” त्यांची काळजी खोटी नव्हती, गणितांत तो मागेंच होता. आम्हीं त्यांस एवढेंच विनविलें कीं, वेळ बांधून द्यावी, पण संगत तोडूं नये. वर्गांत पाठ म्हणतांना त्याचे उच्चार स्पष्ट असतात, तो योग्य ठिकाणीं थांबतो, आणि दुसऱ्यानें सुरुवात केल्यास त्यास सांभाळून घेतो. हें त्यास आम्हीं शिकविलेलें नाहीं.

पालकहो, मुलांस उसना सूर लागला म्हणून भिऊं नका. तो कोणाचा आहे, एवढें मात्र पाहा. आणि बाळांनो, ज्यांच्याबरोबर तुम्ही आज ताल धरितां, तो ताल उद्यां तुमच्या बोलण्यांत, लिहिण्यांत व वागण्यांत उतरणार आहे. माणिकास सूर गुरूंच्या संगतींत लाभला. त्या सुरानें अवघ्या गांवास हांक मारावी, हें मात्र त्यानें स्वतः ठरविलें. तुम्हांस मिळालेल्या सुराचें तुम्ही काय करणार, हें ठरविणें तुमच्याच हातीं आहे.