आकडा आणि जागा

अणदूरच्या खंडोबाचा पत्ता सांगण्याआधी महिना विचारावा लागतो. देव सव्वादहा महिने आमच्या गावात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. मूर्ती एकच, देवळं दोन. मार्गशीर्षातली यात्रा झाली की दोन्हीकडच्यांत रीतसर लेखी करार होतो, पालखी उठते आणि देव मुक्काम हलवतो.

पुण्याहून आलेल्या भाच्यानं देवळापुढं उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपले. 17 अंशांच्या पुढे नि 18 च्या अलीकडे उत्तर. 76 अंश ओलांडून जरासं पूर्व. म्हणाला, "मामा, एवढे आकडे दिले की जगातला कुणीही थेट इथं येईल."

"येईल की. पण देव घरी असायला पाहिजे ना!"

त्याला जिओकॅशिंगचं वेड. कुणीतरी एक डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, दुसऱ्यानं जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. आतली एखादी वस्तू घेतलीच, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिका सामान्यांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळं जागा शंभरेक मीटर इकडंतिकडं दाखवली जाई. मे 2000 च्या सुरुवातीला ती भेसळ थांबली. लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं ऑरेगॉनच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे आकडे जगाला कळवले. बादलीत घेवड्याचा एक बंद डबाही होता म्हणतात.

हे आकडे काही उपग्रहांनी आणलेले नाहीत. अणदूरच्या माळावरून रात्री ध्रुव पाहा. तो क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपले अक्षांश. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर दोन मुठी भरायच्या आतच तो सापडतो. रेखांशाचं म्हणाल, तर आपले जुने ज्योतिषी लंका-उज्जैन-कुरुक्षेत्र अशी मध्यरेषा धरत आणि आमचं गाव त्या रेषेच्या जेमतेम अर्धा अंश पूर्वेला आहे. भारताचं घड्याळ मात्र साडेब्याऐंशी अंशांचं, म्हणून घड्याळात बारा वाजल्यावर इथला सूर्य माथ्याच्या रेषेवर यायला सरासरी पंचवीस मिनिटं लागतात. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही भूमी मोजायला निघाला आणि 1823 मध्ये, काम अर्ध्यावर असताना, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. आज तोच हिशेब खिशातल्या मोबाइलमध्ये क्षणात होतो.

तरी शेवटची दहा पावलं अवघडच. भाच्यानं आमच्या रानातल्या बांधात स्टीलचा डबा लपवला आणि मला आकडे देऊन धाडलं. तुरीच्या ओळींतून मी गेलो. बाभळीजवळ पोचलो, थांबलो. पण मोबाइलवरचे शेवटचे आकडे काही थांबेनात. मी जागचा हललो नव्हतो, तरी पाचव्या दशांशाचं घर आपलं वरखाली चाललेलं. तिथं एका आकड्याचा फरक म्हणजे सव्वाएक मीटरसुद्धा नाही, पण बांधावर दगड तर हाताहाताला. शेजारच्या रानातले आबा बैल सोडता सोडता म्हणाले, "काय हुडकायलेत?" सांगितल्यावर त्यांनी बांधाकडं नुसतं पाहिलं. "त्यो चपटा धोंडा परवा तिथं नव्हता." डबा त्याखालीच होता.

आबांना अक्षांश माहीत नाहीत, बांध मात्र दगडांनिशी पाठ आहे.

मोबाइलवर वरखाली झाले तरी जागेचे खरे आकडे हलत नाहीत, म्हणून आपण त्यांच्यावर विसंबतो. पण आमच्यापासून फार लांब नसलेल्या किल्लारीत, सास्तुरात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. ज्या अंशावर घरं होती, तिथं मातीचे ढीग उरले. गावं मग नव्या जागी वसली. जुने आकडे जिथल्या तिथं राहिले, नाव मात्र माणसांनी बरोबर नेलं. आज 'किल्लारी' म्हटलं की कुठलं, जुनं की नवं, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. अंशांवरून कळत नाही.

आकडा टिकवण्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. जागा मात्र टिकवावी लागते: करार लिहून, पालखी खांद्यावर घेऊन, बांधावरचा दगडन् दगड ध्यानात ठेवून. गंमत म्हणजे त्या खेळातही हाच नियम आहे. डबा लपवून मोकळं होता येत नाही. ज्यानं लपवला त्यानं अधूनमधून जाऊन पाहायचं, वही भिजली तर बदलायची, डबा फुटला तर दुसरा ठेवायचा. भाच्याला पुण्याला परतायचं होतं, तेव्हा ही जबाबदारी साहजिकच माझ्या गळ्यात आली. मी ती आबांशी वाटून घेतली आहे. पावसाळ्यात बांध फुटला तर दगड परत रचणारे तेच. त्यामुळं डबा नेमका कुठं आहे, हे यापुढे मोबाइलपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असणार.