सिद्दींची कवंदी

बेळगावहून खानापूर, अळणावर मागे टाकले की रस्ता हल्याळकडे जातो आणि दोन्ही बाजूंची झाडी दाट होऊ लागते. हा कर्नाटकातला उत्तर कन्नड जिल्हा. जुनी माणसे त्याला अजून ‘कारवार जिल्हा’च म्हणतात. प्रवासी इकडे येतात ते दांडेलीचे जंगल, काळी नदी नाहीतर यल्लापूरजवळचा मागोडचा धबधबा पाहायला. पण हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड तालुक्यांतल्या आडवाटेच्या वस्त्यांत नजर खिळते ती अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या पांघरुणावर. लाल, निळे, पिवळे, हिरवे तुकडे कसेही शेजारी बसवलेले आणि तरीही सगळे मिळून देखणे दिसणारे! ही सिद्दी बायकांनी हाताने शिवलेली कवंदी.

मराठी वाचकाला सिद्दी हे नाव जंजिऱ्यामुळे ठाऊक असते. खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवणारा मलिक अंबरही आफ्रिकेतूनच आलेला. या जंगलातल्या सिद्दींची मुळेही आफ्रिकेतलीच, पण त्यांच्या वाट्याला किल्ले आले नाहीत. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांतल्या ज्यांना निसटता आले, त्यांनी घाट चढून या रानांचा आसरा घेतला. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. बरेच जण शेतमजुरी करतात. मराठी पाहुणा चकित होतो तो त्यांची बोली ऐकून. ती कोकणी वळणाची आहे आणि तिच्यात मराठी-कानडी शब्द सहज मिसळलेले असतात. 2003 साली इथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

चिंध्यांचे मोल

शहरातल्या विणकामाची हौस असलेल्या घरात स्वेटर विणून उरलेले लोकरीचे गोळे साठत जातात. मग एखाद्या दुपारी त्यांचे चौकोन विणून, एकमेकांना जोडून उशीचा रंगीबेरंगी अभ्रा तयार होतो. कवंदीमागची बुद्धी तीच, फक्त इथे लोकरीऐवजी चिंध्या असतात. विटलेला सदरा, फाटलेला परकर, मुलाची आखूड झालेली चड्डी, काही काही फेकायचे नाही. जे धड आहे ते कापून ठेवायचे.

शेतातल्या कामातून सवड मिळाली की बाई अंगणात बैठक मारते. खाली अस्तराला जुनी सुती साडी अंथरते. मोजपट्टी नाही, खडूची रेघ नाही. एका कोपऱ्यापासून ती सुरुवात करते. तुकड्याची कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने अस्तराला पक्की करायची, मग शेजारी दुसरा तुकडा. कडेकडेने फिरत फिरत टाके आतल्या बाजूला सरकत जातात आणि सर्वांत शेवटी मधला भाग भरतो. मोठ्या ठिगळांवर उठून दिसतील असे लहान चौकोनी तुकडे बसवतात, त्यांना ‘टिकेली’ म्हणतात. कुणी ख्रिस्ती बाई क्रूस शिवते, कुणी मुसलमान बाई चंद्रकोर.

एवढे झाले तरी कवंदी पुरी झाली असे कुणी मानत नाही. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी ‘फुला’ लावावी लागते. ती नसेल तर कवंदी नागडी राहिली, असे या बायका म्हणतात. झोपायच्या पांघरुणाला ही फुले कशाला, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. पण अंगणात दुसऱ्या कवंद्यांशेजारी ती वाळत पडणार असते, येणारी-जाणारी तिच्याकडे पाहणार असते. उणेपणा दिसलेला कोणत्या गृहिणीला चालतो?

दूरदेशीचे कौतुक

या कामाकडे बाहेरच्यांचे लक्ष वेधण्यात अमेरिकेतले कलाइतिहासकार हेन्री ड्रुअल यांचा वाटा मोठा. त्यांच्या पुढाकाराने 2004 मध्ये सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन भरले. घरच्या पोरांसाठी शिवलेल्या चिंध्यांना मोल मिळू शकते, हे बायकांना उमगले. मजुरीवर चालणाऱ्या संसारात हा पैसा मुलांच्या शाळेला, औषधपाण्याला उपयोगी पडतो.

विक्रीबरोबर पेचही येतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिवाणखान्याच्या पडद्याला शोभतील असे बेताचे रंग हवे असतात, कापडही नवे, एकसारखे हवे असते. तसे शिवून दिले तर चार पैसे लवकर सुटतात. पण मग त्यात आजीच्या लुगड्याचा काठ कुठून यायचा? आणि आपल्या मनाने रंगाशेजारी रंग बसवणारी बाई केवळ मागणी पुरवणारी कारागीर होऊन बसणार!

म्हणून या बाजूला जाणाऱ्याने एवढे जरूर करावे. पावसाळा सरला की जावे, वस्तीतल्या कुणाला तरी विचारूनच अंगणात पाऊल टाकावे. घ्यायची असेल तर कवंदी शिवणारीच्या हातून घ्यावी आणि भावासाठी घासाघीस करू नये, कारण मोठ्या कवंदीत कित्येक दिवसांची मेहनत असते. रंग मात्र तिचे तिलाच निवडू द्यावेत. घरी आणल्यावर पाहुणे विचारतील, “हा जांभळ्याशेजारी पिवळा कसा काय?” तेव्हा सांगावे, “शिवणारीला तो तिथेच हवा होता.”