जगा देओ!

आमच्या शाळेच्या सायकलस्टँडवर रोज एखाद्या तरी सायकलचे चाक बसलेले असते. परवा नववीतली एक मुलगी टायरशी झटत होती. शेवटची वीतभर कड काही केल्या रिममध्ये जाईना. तिने डब्यातला चमचा बाहेर काढला आणि मी ओरडलो, "चमचा नको गं!" मुलगी दचकली. हेडमास्तरांना यातले काय कळते, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता. तिला काय सांगणार? हे मी आबिड्सच्या फूटपाथवर शिकलो होतो.

१९८९ साल. उस्मानिया विद्यापीठात मी एम.ए. करीत होतो आणि काचीगुड्याला खोली घेऊन राहत होतो. गावाकडून आणलेली वडिलांची सायकल हीच काय ती इस्टेट. रविवारी आबिड्सची दुकाने बंद असत आणि फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरे. सहाव्या निझामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड यांचे इथे दुकान होते, त्यावरून हे नाव पडले. दुकान गेले, नाव राहिले. माझ्यासारख्या सीमेवरच्या पोराला तिथे बरे वाटे, कारण मराठी, तेलुगू, कानडी, दखनी यांतली कुठलीही भाषा बोलले तरी कुणी वळून पाहत नसे.

त्या शनिवारी रात्री मी स्वतःच पंक्चर काढले होते. टायर चढेना म्हणून जेवणाचा चमचा घालून, गुडघा टेकवून तो बसवला आणि विजयी मुद्रेने झोपलो. दुसऱ्या दिवशी पुस्तकांत सगळे पैसे घालवून पाहतो तो चाक जमिनीला टेकलेले! सायकल हाताने ढकलत मी मोठ्या पोस्टाच्या बाजूला आलो. तिथे एक म्हातारा मिस्त्री पाण्याचे घमेले मांडून बसला होता.

चाक न काढताच त्याने टायरची एक बाजू सोडवली, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून पाण्यात बुडवली. बुडबुडे दोन ठिकाणांहून आले. बोटभर अंतरावर दोन चिरा, सापाचे दात लागावेत तशा. म्हातारा हसला. "मियाँ, ये कांटा नईं, चम्मच काट्या!"

मी ओशाळलो. पैसे नाहीत, हेही सांगून टाकले. "पैसे नक्को," तो म्हणाला, "टायर तुम लगाओ."

त्याने कानशीने ट्यूब घासली, सोल्युशन लावले, ते सुकेपर्यंत विडी ओढली, मग ठिगळ दाबले. टायरच्या आतून बोट फिरवून काटा उरला नाही ना, तेही पाहिले. ट्यूबमध्ये नावापुरती हवा भरून ती आत बसवली आणि चाक माझ्या हाती दिले. मी पुन्हा जोर लावू लागलो.

"हौले, ताकत नक्को. जगा देओ!"

मग त्याने दाखवले. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. परंतु रिमचा मधला भाग खोलगट असतो. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करायची, कड दोन्ही हातांनी त्या खोलगट भागात दाबत दाबत व्हॉल्व्हकडे यायचे. तिकडे कड खाली उतरली की इकडे तेवढी ढील मिळते. शेवटची वीत नुसत्या अंगठ्यांनी आत गेली. व्हॉल्व्ह एकदा वर ढकलून ट्यूब कुठे चिमटली नाही ना हे पाहिले आणि हवा भरली.

पुढे वाचनात आले की १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तेव्हा तो रिमला चिकटवलेला असे आणि पंक्चर काढणे हे मोठेच दिव्य होते. तारेच्या कडेचा, काढता-घालता येणारा टायर दोन वर्षांनी आला. ती तार हटून बसते म्हणूनच भरल्या हवेत टायर रिम सोडत नाही. ज्या हट्टावर आपण चिडतो, त्याच हट्टाच्या भरवशावर आपण सायकलवर बसतो.

हे कळूनही मी चुकलोच. नोकरीच्या पहिल्या वर्षी घरी तेलुगू बोलणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. मराठी धडा वाचायला उभा केला की तोंड मिटून घेई. मी त्याला तास तासभर उभा ठेवला, एकदा हातही उगारला. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही. चमचा कुठे लागला हे मला उशिरा कळले. त्या चिरेवर ठिगळ लावायची संधी मिळाली नाही. त्यानंतर मात्र अशी मुले आली की आधी त्यांच्याच भाषेत एखादी गोष्ट सांगायला लावतो. मराठी मग हळूहळू येते.

परवा त्या मुलीच्या शेजारी मी उकिडवा बसलो. "समोरच्या बाजूने दाब," म्हटले, "जोर नको, जागा दे." टायर बसला. तिने चमचा पुसून डब्यात ठेवला आणि विचारले, "सर, तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, "माझ्या एका सरांनी."