शीतपेटीचा आकडा

मद्यावरील इंग्रजी काव्य शिकविण्यात आमची हयात गेली. पण प्रत्यक्ष वाइन खारघरच्या आमच्या बिऱ्हाडी आली ती जावयांमुळे. दिवाळीस येईपर्यंत राखा, म्हणून नाशिकच्या चार बाटल्या त्यांनी शीतपेटीसह आमच्या हवाली केल्या.

श्रावणात सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, बाटल्या कोमट लागताहेत.” पेटीवर आकडा होता १२. आम्ही पडलो पदवीधर. आकड्यावर विसंबलो आणि त्यांच्या हाताला हसलो.

आठवड्याने कारागीर आला. तापमान जोखणारा सेन्सर म्हणजे एक इवलासा मणी. उष्णता वाढली की त्याचा विद्युत्-रोध घटतो. आमच्या मण्याचा २५ अंशांस १०,००० ओहम. कारागिराने तो तारेपासून तोडून बर्फाच्या पाण्यात बुडविला. मीटरने ३२,००० च्या आसपास दाखविले. म्हणजे मणी निर्दोष! लबाडी होती ती दमट हवेने गंजलेल्या सांध्याची. त्याच्या जादा रोधामुळे यंत्रास थंडीचा भास होई व कॉम्प्रेसर स्वस्थ बसे. नवा सांधा पाच मिनिटांत झाला.

वाइन बिघडली की काय, हे बाटली उघडल्यावाचून कळावयाचे नाही. एक उघडून पाहावी असे आम्ही दोनदा सुचविले. सौभाग्यवती हात लावू देत नाहीत.